दोन सेकंद

सकाळी पहिल्यांदा किल्ली फिरवली की
दोनच सेकंद, रेणुकाताई सांगतात,
पत्र्याच्या डब्यात कुणी चिंचोके हलवल्यासारखं.
मग गप्प. कलबुर्गीपर्यंत जाऊन येऊन गप्प.
दोन सेकंदांचं काय एवढं, मीही म्हणालो असतो,
पण नायनांनी बॉनेट उघडायला लावलं,
इंजिनच्या पुढच्या झाकणावर तळहात ठेवला
आणि माझ्याकडे बघून दोन बोटं
एकमेकांपासून हळू लांब नेली :
चेन सैल.

नायनांना ऐकू येत नाही.
एकवीस वर्षं मिलमध्ये जॉबर होते.
शंभर माग एकदम चालतात तिथं कानाचं काय होतं
ते आमच्या साखर पेठेत कुणी विचारत नाही.

अक्कलकोट रोडला आमची शेड. एप्रिल.
पाना उन्हात राहिला तर फडक्याशिवाय उचलत नाही.
पट्टा, पुली, माउंट,
खाली जॅक, जॅकवर फळी,
मग झाकण.
झाकणाचे बोल्ट सगळे सारखे नसतात.
लांब बोल्ट आखूड भोकात पिळला
की ॲल्युमिनियम सांगत बसत नाही, तडकतं.
म्हणून टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा,
त्यावर पेन्सिलीनं झाकणाचं चित्र,
जिथला बोल्ट तिथंच खोचलेला.
ही नायनांची रीत. मागाचे भागही ते असेच मांडायचे
घरात, चटईवर,
आणि आई ओरडायची तांदळात वॉशर सापडला की.

चेंबरमधून प्लॅस्टिकचे तुकडे निघाले,
गाइडचे, नखाएवढे, कडा चावल्यासारख्या.
जुनी चेन खिळ्याला टांगली, शेजारी नवी.
जुनी लांब. किती?
अर्धी कडी. तेवढीसुद्धा नसेल.
"एवढ्यासाठी अठरा हजार?"
"नाहीतर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटेल, ताई,
आणि ते तुम्हाला दुधनीच्या पुढं, रात्री कळेल."
त्या गप्प झाल्या. मग
गाडीचे हप्ते किती उरलेत ते सांगायला लागल्या.

नव्या चेनच्या रंगवलेल्या कड्या, चक्रांवर ठिपके.
रंग ठिपक्यावर.
एक दात चुकला तर गाडी चालू होणार नाही,
किंवा होईल, ते जास्त वाईट.
मी दोनदा मोजतो. नायना एक डोळा मिटतात,
ताण्यात तुटलेला धागा शोधावा तसे.
मग पान्यानं, हातानं, इंजिनचे दोन पूर्ण फेरे,
कुठं अडतं का बघायला.

अडलं.
लॉकची पिन मीच आत विसरलो होतो.
नायनांनी ती काढली, सदऱ्याच्या खिशात टाकली,
बोलले काही नाहीत.

जुनं सिलिकॉन खरवडायला दीड तास.
लोखंडी पट्टी नाही, ओरखडे पडतात;
तुटक्या धोट्याचं लाकूड, घासून धार केलेलं.
मग काळी रेघ, तीन मिलिमीटर, न तुटता,
प्रत्येक भोकाला आतून वळसा.
मी श्वास धरतो.
झाकण एकदाच टेकवायचं. सरकवायचं नाही.
पुठ्ठ्यावरचा एकेक बोल्ट आपापल्या घरी.

आणि मग काहीच करायचं नाही.
रेणुकाताईंचं सहाचं भाडं होतं.
"लावून तरी बघा की एकदा."
मी किल्लीकडे हात नेला असावा.
"आगु!" नायना म्हणाले. थांब.
केवढ्यानं, समोरचा पंक्चरवालासुद्धा थांबला;
आपला आवाज केवढा ते त्यांना कळत नाही.
भाडं दुसऱ्या गाडीला गेलं. कुणावर चिडावं ते न कळून
ताईंनी सगळ्यांना चहा सांगितला.

सकाळी पावणेसहा.
इंजिन गार, म्हणजे परीक्षा आत्ताच.
नायनांचा हात झाकणावर.
ताईंनी किल्ली फिरवली.
एक.
दोन.
चिंचोके नाहीत.
ताईंनी आरशाला हात लावून नमस्कार केला,
मी अंगठा दाखवला, झालं म्हणून.
नायनांनी हात काढला नाही.
तसेच उभे, मान किंचित वाकडी,
शेजारच्या खोलीत कुणीतरी
आपलं नाव घेतलंय की काय
ते नीट ऐकावं तसे.